वाचक विचारतात : पायलट पेटतो, पण टिकत नाही

थंडी पडली की या सदराची पत्रं पाण्याभोवती फिरू लागतात. पावसाळ्यात ओल आणि गळती, उन्हाळ्यात कूलर, आणि डिसेंबर-जानेवारीत गिझर, असा ठरलेला क्रम आहे. यंदा त्यातही एकच तक्रार सगळीकडून आली आहे: गॅसची ज्योत पेटते आणि विझते. काही उपकरणांत मोठा बर्नर पेटवायला एक छोटी ज्योत सतत जळत असते, तिलाच पायलट म्हणतात. म्हणून हा संपूर्ण अंक त्याच विषयाला देतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. गॅसच्या उपकरणात ज्योत आपोआप जाते, तेव्हा बहुतेक वेळा आतली सुरक्षेची व्यवस्था काहीतरी ओळखून गॅस तोडत असते. लोक मला विचारतात, ‘ती चालू कशी ठेवायची?’ मी विचारतो, ‘तिनं गॅस का तोडला?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिला प्रश्न आपोआप सुटतो.

आमच्या मागच्या पडवीत भिंतीवर जुना गॅस गिझर आहे, पायलटवाला. बटण दाबून धरलं की पायलट छान पेटतो, सोडलं की लगेच विझतो. कधी टिकलाच तर पाच-दहा मिनिटांनी जातो. मिस्त्री म्हणाला, “सर, आतला सेन्सर गेलाय, हा पार्ट आता मिळत नाही. बटण दाबलेलंच राहील अशी क्लिप बसवून देतो.” बसवून घेऊ का?
– निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

सर, क्लिप बसवू नका. आधीच बसवली असेल तर आज काढा आणि काढेपर्यंत सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवा.

तुम्ही शिक्षक आहात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. पायलटच्या ज्योतीत बोटाच्या पेरापेक्षा लहान असं एक धातूचं टोक असतं. त्याला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि तो जोड तापवला की त्यात वीज तयार होते. 1821 साली सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाला हा परिणाम दिसला आणि तुमच्या पडवीतला गिझर आजही त्याच तत्त्वावर चालतो. ही वीज फार थोडी असते, 25 ते 30 मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. तेवढ्यावर गॅसच्या व्हॉल्व्हमधलं एक छोटं लोहचुंबक जागं होतं आणि व्हॉल्व्हची चकती स्प्रिंगच्या विरुद्ध धरून ठेवतं. चकती ओढण्याची ताकद त्याच्यात नसते. ओढायचं काम तुमच्या बोटानं करायचं, म्हणून तर सुरुवातीला बटण दाबून धरावं लागतं. ज्योत विझली की टोक थंड होतं, चुंबक सोडतं, चकती बसते आणि मुख्य बर्नर व पायलट दोन्हींचा गॅस तुटतो. वीजजोडणी नको, सेल नको. इतकी साधी आणि इतकी भरवशाची व्यवस्था घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रात मला माहीत नाही, आणि तीच बांधून ठेवायला निघालेला मिस्त्री पाहिला की मला खरोखर राग येतो. क्लिप लावली, वाऱ्यानं पायलट विझला, तर गॅस येतच राहणार. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, फरशीवर पसरतो आणि उंबरठ्यावरून घरात शिरतो. मग देवघरातल्या समईची ज्योतसुद्धा पुरते.

आता दुरुस्ती. आधी हत्यार घेऊ नका, आधी ज्योत बघा. संध्याकाळी पडवीतला दिवा मालवा, बटण दाबून पायलट पेटवा आणि समोर बसून नीट निरखा. ज्योत निळी, टणक आणि थर्मोकपलच्या वरच्या सेंटिमीटरभर भागाला पूर्ण वेढणारी हवी. पिवळी, मऊ, मान टाकणारी किंवा टोकापर्यंत न पोचणारी असेल तर जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड, चोंदलंय. फुरफुर आवाज करत बुडापासून उचललेली दिसली तर गॅसचा दाब जास्त आहे किंवा वारा लागतोय. ज्योत अगदी नीट आहे आणि तरीही बटण सोडताच जाते, तर दोष थर्मोकपलमध्ये, त्याच्या जोडात किंवा चुंबकात.

तुमच्या पत्रात ‘पायलट छान पेटतो’ असं आहे, म्हणून माझा पहिला संशय जोडावर. थर्मोकपलची तांब्याची नळी मागे जाऊन गॅस व्हॉल्व्हला एका नटनं जोडलेली असते. तिथं काही मिलिव्होल्टचाच कारभार चालतो. वर्षानुवर्षं साचलेला हिरवट थर किंवा अर्धा आटा सैल झालेला नट एवढ्यानंही चुंबकापर्यंत वीज पोचत नाही. रेग्युलेटर बंद करा, गिझर थंड होऊ द्या, तो नट उघडा, आतला टोकाचा ठिपका कोरड्या सुती फडक्यानं चकचकीत पुसा. परत बसवताना हातानं घट्ट होईल तेवढा फिरवा आणि मग पान्यानं फक्त पाव फेरा. जोर लावून आवळला तर आतली इन्सुलेशनची चकती चिरडते आणि नवं थर्मोकपलसुद्धा बाद होतं. ज्योतीतल्या टोकावर काजळी असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच काढा, आणि ते टोक ज्योतीच्या बाजूला सरकलेलं नाही ना, तेही बघा. भांडी घासताना पाइपला धक्का लागतो, ब्रॅकेट वाकतं, आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा मल्टिमीटर चालेल, मिलिव्होल्टच्या घरात लावून. नट सोडवलेला ठेवा, एक पिन नळीच्या अंगाला, दुसरी टोकाच्या ठिपक्याला, आणि एका माणसानं बटण दाबून पायलट मिनिटभर पेटता ठेवायचा. आकडा 20च्या वर चढून स्थिर राहिला तर थर्मोकपल चांगलं आहे, मग दोष चुंबकाचा. ते काम कंपनीच्या माणसाचं, घरी व्हॉल्व्ह उघडायचा नाही. आकडा 10च्या आसपासच रेंगाळला तर थर्मोकपल बदला.

‘पार्ट मिळत नाही’ हे खरं नाही. तुमच्या कंपनीचं नाव छापलेलं थर्मोकपल मिळत नसेल, पण थर्मोकपल मिळतं. बेकरीचे ओव्हन, हॉटेलातले फ्रायर, ग्रिल यांतही हीच व्यवस्था असते. ते दुरुस्त करणाऱ्याकडे जुनं थर्मोकपल नमुना म्हणून घेऊन जा. लांबी, मागच्या नटाचा आटा आणि टोकाची जाडी जुळली की झालं.

जेट साफ करायची वेळ आली तर एक पथ्य आहे: सुई किंवा तार घालायची नाही. पितळेचं भोक सुईच्या टोकाइतकंही नसतं, ते कणभर वाढलं तरी ज्योत मोठी आणि पिवळी होते आणि सगळी काजळी वर पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पातळ पत्र्यांवर बसते. जेट काढून रात्रभर थिनरमध्ये बुडवा, सकाळी सायकलच्या पंपानं उलट्या बाजूनं हवा मारा, पूर्ण वाळू द्या. पडवीतला गिझर उन्हाळाभर बंद राहिला असेल तर आत कोळ्यानं जाळं केलेलं हमखास सापडतं.

राहिलं ते पाच-दहा मिनिटांनी जाणं. त्या वेळी काय चाललेलं असतं, ते दोन-तीन दिवस टिपून ठेवा. गरम पाण्याचा नळ उघडून मोठा बर्नर पेटला की त्याच क्षणी पायलट लहान होत असेल, तर गॅस कमी पडतोय: रेग्युलेटर थकलाय, किंवा रबरी नळी दुमडली आहे. नळीवर छापलेली मुदत बघा, ती उलटली असेल तर वाद न घालता बदला. वारा आला की जात असेल तर वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा, पण गिझरचा वरचा आणि खालचा भाग मोकळा ठेवा.

आणि कुठलाही नट उघडला असेल, तर शेवटी साबणाच्या फेसानं जोड तपासा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी पेटवून तपासणारे लोक अजूनही भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. विझलेला पायलट परत पेटवताना बटण बंद करून किमान पाच मिनिटं थांबायचं, खाली वाकून फरशीजवळ वास घ्यायचा, मगच ठिणगी.

आमचा गिझर नवा आहे, बाथरूममध्येच बसवलाय. दार उघडं असताना नीट चालतो. दार लावून आंघोळीला गेलं की आठ-दहा मिनिटांत बंद पडतो. दोनदा सेल बदलले. थंडी फार म्हणून वरची जाळी पुठ्ठ्यानं बंद केली आहे. परवा मुलगी आंघोळ करून आली तर डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाली. पित्त असेल. पण गिझरचं काय करावं, भाऊ?
– एक गृहिणी, निफाड

ताई, तुमच्या पत्रावर फोन नंबर होता, म्हणून पत्र वाचल्यावर लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही त्या दिवसापासून गिझर बंद ठेवलात, हे ऐकून जीव भांड्यात पडला. इथं उत्तर छापतोय ते बाकीच्यांसाठी, कारण अशी जाळी पुठ्ठ्यानं बंद केलेली बाथरूम थंडीच्या गावात घरोघरी असते. निफाडची थंडी मला माहीत आहे. पण मुलीचं ते पित्त नव्हतं, असंच मी धरून चालेन.

हिशोब करून बघा. 6 लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटरांहून थोडी जास्त. तुमचं बाथरूम चार बाय सहा फूट, उंची आठ फूट, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. त्यात हवा मावते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार बंद, जाळी बंद. तुमच्या मुलीच्या श्वासाची एक-तृतीयांशाहून जास्त हवा गिझर दहा मिनिटांत खाऊन टाकतो, आणि जळलेला वायू त्याच खोलीत परत सोडतो.

हवा कमी पडायला लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, आणि तोही ज्योतीत जळून जातो. म्हणून ‘वास आला असता की’ हे म्हणणं इथं उपयोगाचं नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोरानं चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय लटपटतात, आणि कडी काढायचं भान राहत नाही. बाथरूममध्ये गिझरमुळे गुदमरून मृत्यू, ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्या बातम्यांतल्या घरांत आणि तुमच्या घरात फरक एवढाच होता, की तुमचा गिझर बंद पडत होता.

तो का बंद पडत होता, तर त्यात ऑक्सिजन कमी झालेला ओळखणारी व्यवस्था आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 18च्या आसपास उतरला की ज्योत बर्नरवरून उचलली जाते, सेन्सरच्या टोकापासून सुटते आणि गॅस तुटतो. सेल बदलून काही झालं नाही, ते यामुळेच. पण या सेन्सरच्या भरवशावर आत गिझर ठेवायचा नाही, हे तितकंच ठासून सांगतो. तो ज्योत बघतो, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. वर काजळी साचलेली असेल तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि त्या वेळी हा सेन्सर गप्पच राहतो.

उपाय एकच आहे: गिझर बाथरूमच्या बाहेर. मागच्या अंगणाकडच्या भिंतीवर, गच्चीत, मोकळ्या पडवीत, जिथं वारा खेळता असेल तिथं. आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. आठ-दहा फूट पाइप वाढला तर पहिलं अर्धं भांडं पाणी गार येईल, एवढंच. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. ‘एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल का’ असंही तुम्ही विचारलंत. दाराखाली फट नसेल, जाळी बंद असेल, तर फॅन हवा ओढणार कुठून? बंद खोलीत तो जळलेला वायूच इकडून तिकडे घुमवत बसतो. गिझर हलेपर्यंत पुठ्ठा काढून टाका, दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, रेग्युलेटर बंद करा, थोडा वेळ दार उघडंच राहू द्या, आणि मग आंघोळ.

आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडायला मागेपुढे बघू नका. उघड्यावर आणा, गॅस बंद करा, 108ला फोन करा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘गॅस गिझर चालू होता’ हेच सांगा, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील. करोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि तो 98 दाखवत राहतो, माणूस मात्र शुद्ध हरपत असतो.

मुलीला डॉक्टरांकडे नेऊन आणलंत का, ते कळवा.

मी सध्या मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला आले आहे. इथे तळघरात गॅसवर चालणारी गरम पाण्याची मोठी उभी टाकी आहे, तिला खाली पायलट आहे. थंडी सुरू झाल्यापासून तो आठवड्यातून दोन-तीनदा विझतो. मुलानं थर्मोकपल बदललं, फरक नाही. माझ्या लक्षात असं आलंय की कपडे वाळवायचं मशीन लावलं की हे होतं. मुलगा म्हणतो, आई, दोन्हींचा काही संबंध नाही. संबंध असू शकतो का?
– एक वाचक, मूळ डोंबिवली

असू शकतो, काकू, आणि तुमचं निरीक्षण मला फार आवडलं. हे उत्तर मुलाला वाचून दाखवा.

कपडे वाळवायचं मशीन मिनिटाला शंभर ते दोनशे घनफूट हवा घराबाहेर फेकतं. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. उन्हाळ्यात तळघराची खिडकी, वरचं दार उघडं असतं. थंडीत सगळं घट्ट बंद. मग हवा सगळ्यात सोप्या वाटेनं येते, आणि ती वाट म्हणजे टाकीच्या डोक्यावरचा धुराचा पाइप. धूर वर जाण्याऐवजी गार हवा खाली उतरते आणि पायलटवर फुंकर पडते.

खात्री करायची तर मुलाच्या देवघरातली उदबत्ती घ्या. टाकीचा मोठा बर्नर पेटून पाच मिनिटं झाल्यावर, ड्रायर चालू आणि तळघराचं दार बंद ठेवून, टाकीच्या वर जिथं पाइपची छत्री असते तिच्या कडेला उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा. तो तुमच्या तोंडाकडे आला, तर जळलेला वायूही घरातच येतोय. तसं झालं तर मशीन लगेच बंद करा, खिडकी उघडा, आणि परवानाधारक तंत्रज्ञ येऊन बघेपर्यंत दोन्ही एकत्र लावू नका. बाहेरची हवा तळघरात आणायची कायमची सोय त्याच्याकडून करून घ्यायची.

दुसरी जागा टाकीच्या बुडाशी आहे. 2003 पासून अमेरिकेत अशा घरगुती टाक्यांचा बर्नर बंदिस्त असतो आणि हवा खालच्या बारीक जाळीतून आत येते. जवळ पेट्रोलसारखं काही सांडलं तर त्याच्या वाफेनं लागलेली आग बाहेर पसरू नये, म्हणून ही रचना. पण शेजारीच ड्रायर असला की कपड्यांचा सुताडा उडून त्या जाळीवर बसतो. हवा कमी पडली की पायलट आधी पिवळा होतो, मग जातो. टाकी बंद करून जाळीवर खालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा.

तळघरात आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, ते मुलाला आजच बघायला सांगा. तुम्ही दिवसभर एकट्या घरी असता म्हणून जास्त आग्रहानं सांगतोय. पायलट तुम्ही स्वतः पेटवायला खाली जाऊ नका. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता घराबाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत सेलवर चालणारा गिझर आहे. टक टक ठिणगी पडते, पेटतो, पण शॉवरचा नळ थोडा कमी केला किंवा गार पाणी मिसळलं की विझतो. पायलट खराब झाला असेल का?
– इंदिरानगर, नाशिक

दादा, तुमच्या गिझरला पायलटच नाही. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल दर वेळी नव्यानं ठिणगी पाडतात. आत एक रबरी पडदा असतो, डायफ्राम. पाणी पुरेशा जोरानं वाहिलं तरच तो पडदा पिन ढकलतो, पिन स्विच दाबते, आणि गॅस सुटतो. पाण्याचा जोर कमी झाला की पडदा मागे येतो आणि ज्योत जाते. नाहीतर आतलं तुंबलेलं पाणी उकळलं असतं.

शेवटच्या मजल्यावर हा त्रास साहजिक आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा जेवढी उंच, तेवढाच दाब: दहा फुटांना जेमतेम 0.3 बार. तुमच्या डोक्यावर टाकी असेल पाच-सहा फुटांवर. त्यात गार नळ उघडला की पाणी वाटलं जातं. आधी गिझरच्या इनलेटची जाळी काढून धुवा, शॉवरची भोकं क्षारानं बुजली असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवा, आणि गार पाणी मिसळण्याऐवजी गिझरवरच्या खटक्यानं ज्योत कमी करून बघा. तरीही जमलं नाही तर छोटा प्रेशर पंप. आणि बरोबर वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर तो दोष नाही, बऱ्याच गिझरना तेवढं टायमर असतं.

आणखी एक, नाशिककरांसाठी. पहाटे कडाक्याच्या थंडीत, सिलिंडर संपत आलेला असताना ज्योत मंदावते, कारण आतल्या द्रवाचा गॅस व्हायला उष्णता लागते आणि एलपीजीतलं ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ तर गॅस व्हायलाच तयार नसतं. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, आडवा पाडणं, शेकोटीजवळ ठेवणं, यातलं काहीही करू नका. हॉटेलचा जास्त दाबाचा रेग्युलेटर आणून लावू नका. थोडा उशिरा, ऊन आल्यावर गिझर लावा.

सोसायटीत पाइपचा गॅस आला. सिलिंडरवरचा गिझर त्याला जोडला तर ज्योत अगदी बारीक, लगेच विझते. प्लंबर म्हणतो, जेटची भोकं ड्रिलनं मोठी करून देतो.
– कोथरूड, पुणे

ड्रिल लावू देऊ नका. सिलिंडरचा गॅस गिझरला साधारण 30 मिलिबार दाबानं मिळतो, पाइपचा 21नं. शिवाय तेवढ्याच आकारमानात एलपीजीमध्ये अडीच ते तीन पट उष्णता असते. शेगडीची जेट गॅस कंपनीचा माणूस बदलून देतो, पण गिझरमध्ये जेटबरोबर बर्नर आणि गॅसचा व्हॉल्व्हही त्या त्या दाबासाठी बनवलेला असतो. पाइपच्या गॅससाठीच बनवलेला गिझर घ्या, खोक्यावर तसं छापलेलं असतं, आणि जोडणी गॅस कंपनीकडूनच करून घ्या. आत्ता प्लंबरनं जो तात्पुरता जोड दिलाय तो आजच काढून टोक बूच लावून बंद करायला लावा. जुना गिझर गावच्या घरी सिलिंडरवर चालेल, उघड्यावर लावणार असाल तर.